तिनं न बोललेलं वाक्य

"मेलेल्या बाईच्या तोंडून खोटं बोलवून राहिले तुम्ही, साहेब!" असं ओरडत धुरपताबाईनं अंगणातली खाट उचलली आणि भर रस्त्यावर आडवी टाकली.

खाटेवर वाळत घातलेल्या मिरच्या रस्ताभर सांडल्या. प्रचाराचा ऑटो करकचून थांबला. टपावरचा भोंगा मात्र थांबला नाही. भोंग्यातून नीतू बोलत होती. धुरपताबाईची सून, दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली.

"मायबाप हो, बहिणी हो," नीतू सांगत होती, "दहा वर्षांत आरोग्याचं बजेट दुप्पट झालं. आता आपल्या सरकारी दवाखान्यात सारं काही भेटते. घाबरू नका, बेधडक जा."

आवाज तोच. कुंपणापलीकडच्या बाईला विरजण मागावं तसा, न ओरडता सगळीकडे पोचणारा. समोरच्या खळ्यात धान झोडपणाऱ्या बायांचे हात वरच्या वर थांबले. एकीनं पदर तोंडाशी धरला. पाणी भरणारी एक म्हातारी घागर तिथंच ठेवून घरात गेली आणि तिनं आतून कडी लावली.

तिचा मुलगा दुर्गेश दुकानातून धावत आला तेव्हा त्याच्या हातात सोल्डरिंगची गरम कांडी तशीच होती. घराला लागूनच त्याचं साउंडचं दुकान. भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर, लग्नात वाजवायचे स्पीकरचे डबे. आवाज ऐकून तो तसाच उठला होता. बायको रस्त्यावरून बोलते आहे आणि आपण तिला अग्नी देऊन आलो आहोत, या दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात बसेनात.

ऑटोच्या मागं काळ्या काचांची गाडी उभी होती. तिच्यात साहेब होते, जिल्हा परिषदेचे उमेदवार. ऑटोतून मुन्नालाल उतरला. गोंदियाचा माणूस, साहेबांचा सगळा प्रचार त्याच्याच हातात.

"अम्मा, खाट हटाओ ना. पीछे साहेब बसले आहेत."

"बसू दे. त्याले म्हन, काच खाली कर. माह्या तोंडावर सांग, माह्या सुनेले हे कोनं बोलाले लावलं."

"अरे, रेकॉर्डिंग आहे अम्मा. भाभीजीनेच बोललेलं."

"कवा?"

मुन्नालाल खाली वाकला. त्यानं मिरच्या बाजूला सारायला घेतल्या, हात झोंबला, तसा झटकला. काळी काच खाली आली नाही. गाडी मागं सरली, वळली आणि तळ्याच्या पाळीवरून दुसऱ्या वाटेनं निघून गेली. ऑटोही तिच्यामागं गेला. दूर जाताना नीतूचा आवाज बारीक होत गेला. अगदी तशीच ती एकदा माहेरी जाताना पाळीवरून चालत बोलत गेली होती.

अंगणात नीतूची दोन वर्षांची लेक खुशी सांडलेल्या मिरच्यांकडं पाहत उभी होती. सगळ्या गावात तेवढी एकटीच दचकली नव्हती. तिनं हा आवाज जन्मात कधी ऐकला नव्हता.

पानठेल्यावर दुर्गेशची गाठ शालीकरामशी पडली, आणि शालीकराम म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस.

"वा रे दुर्गेश! बायको जिती होती तवा तिचा आवाज भाड्यानं देत होता. आता मेल्यावर इकूनच टाकला का गा?"

"मी नाही देल्ला."

"मंग काय भुतानं देल्ला? भोंगा काय आपल्या मनानं बोलते?"

ठेल्यावरचे चार जण हसले. हसणं वाईट नव्हतं, नुसतं हसणं होतं. नीतूचा आवाज आजूबाजूच्या गावांना पाठ होता, हे खरंच. लग्नाआधी तो स्वतःच ऑटो फिरवत घसा फाटेस्तोवर ओरडायचा. मग एकदा तो तापानं पडला आणि पोलिओच्या डोसाची दवंडी अडली, तेव्हा नीतूनं माईक हातात घेतला. लोक दारात येऊन उभे राहिले. त्यानंतर खताचं दुकान असो, हरवलेली बकरी असो, मंडईच्या जत्रेतली दंडार असो, की बाळांची लस असो, बोलायची नीतूच. साहेबांच्या सभेलाही त्याचा साउंड गेला होता आणि सभा सुरू व्हायच्या आधी वाजवायला म्हणून त्यानं गाणी अन् जाहिरातींचा अख्खा पेनड्राईव्ह त्यांच्या पोरांकडं ठेवला होता. तेवढंच.

पण हे वाक्य तिनं कधी म्हटलं होतं? तो आठवू लागला. तिची वाक्यं त्याला पाठ होती, कारण ती त्यानंच कापली-जोडली होती. प्रत्येक वाक्याआधी ती मोठा श्वास घ्यायची आणि माईकमध्ये तो वाऱ्यासारखा घुसायचा. दुर्गेश तो पुसायला बसला की ती हसायची, "सारे श्वास काढून टाकसान, तं मंग माहं काय राहीन?"

सकाळच्या त्या आवाजात श्वास नव्हता. एकसुद्धा नव्हता. ती बाई न थांबता, न दम घेता 'दुप्पट' म्हणाली होती.

दुर्गेश पान न घेताच घरी आला.

त्या दिवशी गावची मंडई होती. दिवाळीनंतर एकेका गावाला एकेक दिवस येणारी ही जत्रा. पाळणे, शिंगाडे, बांगड्यांची दुकानं, आणि दुपारपासून दंडारीचं लोकनाट्य. यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक डोक्यावर होती, म्हणून दंडारीच्या आधी त्याच मंचावर 'आरोग्यावर जाहीर चर्चा' ठेवली होती. एका बाजूनं साहेब, दुसऱ्या बाजूनं विरोधातले इंद्रकुमार गुरुजी. साउंड दुर्गेशचा. मंडई समितीनं महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं.

तो मैदानावर भोंगे बांधत होता तेव्हा गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, अंगावर खादी, काखेत गुंडाळलेला तक्ता.

"सकाळचं कळलं मला," ते म्हणाले. "तू खचू नकोस. हे कॉम्प्युटरचं काम आहे. माणसाचा थोडासा आवाज दिला की यंत्र तो शिकतं आणि मग वाटेल ते बोलतं. ते वाक्य तुझ्या बायकोनं म्हटलेलंच नाही."

दुर्गेशच्या हातातली दोरी सैल झाली. इतका वेळ तो स्वतःलाच विचारत होता की आपण विसरलो तर नाही ना.

"आणि म्हटलंय तेही अर्धवट," गुरुजींनी तक्ता उलगडला. "दुप्पट, दुप्पट! अरे, महागाई वजा करायला नको का? दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया एकच आहे का? दवाखान्याला लागणाऱ्या वस्तूंचे भाव धरून मोजलं तर आरोग्याचा पैसा वाढला नाही, उलट कमी झाला."

"समजते जी मले. पहिले एका दिवसाच्या भाड्यात ऑटोची टाकी भरे. आता भाडं वाढलं, टाकी अर्धीच रायते."

"शाब्बास! मी अर्धा तास बोललो तरी असं सांगू शकणार नाही. हेच मंचावर येऊन सांग." गुरुजी जवळ सरकले. त्यांचा आवाज उतरला. "आणखी एक. आपल्याकडंही एक मुलगा आहे. नागपूरला असतो. तो नीतूच्याच आवाजात खरा हिशेब बोलवून देईल. खोट्याला तिच्याच तोंडून उत्तर. काय म्हणतोस?"

दुर्गेशनं भोंग्याची गाठ पक्की केली. खाली न बघता विचारलं,

"खरा हिशेब तिनं सांगतला होता का, गुरुजी?"

"सांगितला असता."

"असता," दुर्गेश म्हणाला आणि शिडीची पुढची पायरी चढला.

गुरुजींनी तक्ता गुंडाळला. शिडीवर चढलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

मुन्नालाल आला तो जेवणवेळेला. मंचामागं दुर्गेशनं यंत्रं मांडली होती आणि खुशी तिथंच डब्यावर बसून शिंगाडा चोखत होती. मुन्नालालनं तिला चॉकलेट दिलं. तिनं ते घेतलं आणि शिंगाड्याच्या शेजारी ठेवलं.

"भाई, साहेबाच्या मनात काही वाईट नाही. भाभीजी की आवाज गाव-गाव में चलती है, म्हणून घेतली."

"मले काऊन नाही इचारलं?"

"तेरे को क्या पूछना? आवाज तेरी थोडी है. और जिसकी है वो तो..." तो थांबला. इकडंतिकडं पाहून त्यानं खिशातून पेनड्राईव्ह काढला. "छोड. तुझ्यासाठी एक चीज बनवून आणली. पहिले ऐक. मग शिव्या दे."

दुर्गेशनं तो लावला. मुख्य भोंगे बंदच ठेवले आणि जवळचा लहान डबा चालू केला.

"खुशी," नीतू म्हणाली. "ये खुशी. इकडं ये माय. जेवली का?"

मंचावर कोणी तरी बांबू टाकला त्याचा आवाज झाला. पाळण्यावर पोरं किंचाळत होती. दुर्गेशला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

हे नाव नीतूला माहीत नव्हतं. बारशाच्या आधीच ती गेली. नाव धुरपताबाईनं ठेवलं. घरात जे उरलं नव्हतं, तेच पोरीच्या अंगावर घातलं. दोन वर्षांत सगळ्या गावानं या पोरीला हाक मारली होती. आईनं तेवढी मारायची राहिली होती.

"पुन्हा लाव," मुन्नालाल म्हणायच्या आधीच दुर्गेशनं पुन्हा लावलं.

"खुशी. ये खुशी. इकडं ये माय. जेवली का?"

खुशी डब्यावरून उतरली. जिकडून आवाज आला तिकडं गेली. लहान डब्याच्या पुढं पाहिलं, मग वळसा घालून मागं पाहिलं. मागं वायरी होत्या, धूळ होती, एक मेलेली गोम होती.

"कोन आहे, बाबा?"

दुर्गेशनं लहान डबा बंद केला. पण काय सांगायचं? आई आहे म्हणावं तर ती नाही, आणि नाही म्हणावं तर पोरीनं आत्ताच ऐकलं होतं.

"जितना चाहिए उतना बनाके देंगे," मुन्नालाल हलकेच म्हणाला. आता त्याच्या आवाजात दलाली नव्हती. कदाचित त्यालाही घरी लेक असेल. "अंगाई. गोष्टी. शाळेत जाईल तेव्हा 'डबा खा' म्हणायला. बस, दोन गोष्टी कर. अम्माला आज घरी ठेव. आणि चर्चेत साहेबांनी इशारा केला की आमची क्लिप लाव. स्पेशल तुझ्या गावासाठी बनवली आहे."

दुर्गेशला वाटलं आपण 'नको' म्हणतो आहोत. पण त्याचा हात पुढं झालेला होता आणि मुन्नालालनं यंत्रातून काढलेला खुशीचा आणि क्लिपचा दुसरा, असे दोन पेनड्राईव्ह त्यात आले होते. खुशीवाला त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकला. तिथं जुनाही एक होता, दोन वर्षं न लावलेला. दुर्गेश तो कुठंही जाताना बरोबर नेत असे. का नेत असे, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मुन्नालाल गेला. पडद्यापलीकडं दंडारीतला चंद्रकुमार लुगडं नेसून, गालाला लाली लावून बिडी ओढत बसला होता. गेली कित्येक वर्षं मंडईत बाईचं काम तोच करायचा. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मी बी बाईचा आवाज काढतो गा," धूर सोडत तो म्हणाला. "पन लोकाले मालूम रायते का आत बाप्या आहे. आमी सोंग घेतो ते सांगून घेतो. हे कोनतं सोंग होय?"

दुर्गेशनं खुशीला शेजारच्या बाईकडं सोपवलं आणि मुख्य यंत्राचा खटका दाबला. भोंगे घुमले.

धुरपताबाईला घरी ठेवणं त्याला जमलं नाही. खरं म्हणजे त्यानं ते करूनच पाहिलं नाही. ती बायांच्या घोळक्यात पुढं बसली होती.

सरपंच मंदाबाईंनी नारळ फोडला आणि चर्चा सुरू झाली. साहेबांचं बोलणं गोड. एकेका वर्षाचा आकडा ते पाहुण्याला वाढावं तसे वाढत गेले. इमारती, खाटा, योजना. "दुप्पट!" ते दर वेळी म्हणायचे आणि हात पसरायचे. मागं बसलेली त्यांची माणसं टाळ्या वाजवायची.

गुरुजी उठले. तक्ता उघडला. वाऱ्यानं तो मिटला. दोन पोरांनी दोन टोकं धरली.

"महागाई वजा करा, साहेब!"

"कोणत्या वर्षापासून वजा करू, गुरुजी? तुम्हाला सोयीचं वर्ष सांगा."

"कोणतंही घ्या. दवाखान्याला जे विकत घ्यावं लागतं त्याचा भाव घ्या."

"तुमचा भाव वेगळा, आमचा वेगळा. देशात महागाई मोजायची पद्धत आहे, ती आम्ही घेतली. त्या हिशेबानंही वाढच आहे."

"थोडीशी! आणि माणसं किती वाढली?"

"म्हणजे वाढ आहे, हे मान्य?"

लोक हसले. गुरुजी लाल झाले. वाद चालू राहिला. चालू किमती, स्थिर किमती, दरडोई. एक जण दुप्पट करायचा, दुसरा वजा करायचा. खाली बसलेले लोक शिंगाडे सोलत ऐकत होते. त्यांना कळत नव्हतं असं नाही. बाजारात जाणाऱ्या माणसाला महागाई शिकवावी लागत नाही. पण वर चाललेल्या त्या खेळात दवाखाना कुठंच दिसत नव्हता. त्याचं दार, त्याची खाट, त्यातली रात्रपाळीची बाई, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आकडे आकड्यांशी लढत होते आणि दोन्ही बाजूंचं कोणीच मरत नव्हतं.

मग साहेबांनी बोट वर केलं.

"आकडे जाऊ द्या. तुमच्याच गावच्या सुनेचं ऐका. ती आज आपल्यात नाही. पण तिचा विश्वास आपल्यात आहे."

त्यांनी पडद्याकडं पाहून मान हलवली. दुर्गेशनं क्लिप लावली. त्यानं ती लावली, हे नंतर गावात बरेच दिवस बोललं गेलं.

"राम राम," नीतू म्हणाली. मैदान गप्प झालं. पाळणेवाल्यानंसुद्धा पाळणा थांबवला. "मी नीतू. आपल्या दुर्गेशची बायको. मी गेली, पण मले कोनाचा राग नाही. सरकारनं आरोग्याचं बजेट दुप्पट केलं..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. बायांच्या घोळक्यातून एक कुजबूज उठली आणि मागं मागं सरकत गेली. एकमेकींकडं मान वळल्या. एका म्हातारीनं कानाला हात लावला. पुरुषांना काही समजलं नाही. बायांना पहिल्याच दमात समजलं.

धुरपताबाई उभी राहिली.

"हे माही सून नोहे."

साहेब समजुतीनं हसले. "आई, आवाज तुमच्या सुनेचाच आहे. सगळं गाव ओळखतं."

"आवाज तिचाच आहे जी. मी कवा म्हटलं नाही? बोलनं तिचं नोहे. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं."

"मग?"

"मंग म्हनजे? आमच्या घरात कोनी घेत नाही. मी नाही घेतलं, माह्या सासूनं नाही घेतलं. नीतूनं तं मरेपावतर नाही घेतलं."

मागच्या पोरांमध्ये हशा पिकला. शालीकराम ओरडला, "मंग काय म्हने वं?"

"साउंडवाले म्हने," धुरपताबाई म्हणाली. "ओ साउंडवाले, जेवाले या. असं म्हने."

आता सगळेच हसले, पण त्या हसण्याचा सूर वेगळा होता. बऱ्याच जणांनी ते ऐकलेलं होतं.

"काळ बदलला, आई," साहेब म्हणाले. "आजकालच्या मुली बिनधास्त नाव घेतात. आणि घ्यावंच."

पडद्यामागं दुर्गेशनं क्लिप बंद केली. खिशात हात घातला. बोटांना दोन पेनड्राईव्ह लागले. एक नवा, गुळगुळीत. दुसऱ्याचं टोपण हरवलेलं. चंद्रकुमार लुगड्याचा ओचा सावरत त्याच्याकडं पाहत होता. मग दुर्गेशनं जुना काढला आणि लावला.

मोठा श्वास वाऱ्यासारखा भोंग्यात घुसला आणि नीतू म्हणाली,

"ऐका हो ऐका. उद्या सकाळी अंगणवाडीत बाळाइले डोस आहे. लेकराले घेऊन या. काम असू द्या, धान असू द्या, लेकराले घेऊन या. आणि हा आवाज आहे..."

इथं ती थांबली. मध्ये एक रिकामी जागा. तिथं हसू दाबल्याचा अगदी बारीक आवाज होता. आणि मग दुर्गेशचा स्वतःचा, घोगरा, घाईघाईचा आवाज आला, "दुर्गेश साउंड सर्व्हिस!"

सगळ्या मैदानाला ते आठवलं. प्रत्येक जाहिरात अशीच संपायची. दुकानाला नवऱ्याचं नाव, आणि बायको ते उच्चारणार नाही, म्हणून शेवटचे शब्द त्याला धावत येऊन बोलावे लागायचे. गावातली पोरं त्याची नक्कल करायची. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि त्यांतल्या कित्येकींच्या डोळ्यांत पाणी होतं. शालीकराम हसत नव्हता. त्यानं डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला होता.

गुरुजींनी संधी साधली. झेप घेऊनच त्यांनी माईक पकडला. "पाहा! पाहा मंडळी! मेलेल्या बाईच्या नावानं खोटं! जे आवाज बनवतात ते आकडेही बनवतात! आता महागाई वजा करून..."

त्यांचे ओठ हलत राहिले. आवाज गेला होता. दुर्गेशनं त्यांचाही माईक बंद केला होता.

तो पडद्यामागून मंचावर आला. आजवर तो कधी मंचावरून बोलला नव्हता. नीतूनं माईक घेतल्यापासून त्याचं बोलणं तीन शब्दांचं, तेही दुसऱ्याच्या वाक्याच्या शेवटी. त्यानं स्वतःचा माईक हातात धरला.

"गुरुजी, तुमी बी खरं सांगत असान. साहेब बी सांगत असतीन. मले एवढा हिशेब येत नाही."

"अरे, माईक चालू कर माझा," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले.

"नीतूचं बाळंतपन आपल्या आरोग्य केंद्रात झालं. पोरगी चांगली झाली. मंग रगत थांबे ना. मोठ्या दवाखान्यात न्या म्हनले. मोठ्या दवाखान्याची गाडी दुसऱ्या गावाले गेली होती, म्हनून केंद्राचीच गाडी काढली. जंगलातल्या रस्त्यावर गाडी बंद पडली. काही बिघडलं नव्हतं. डिझेल संपलं होतं. डायवर चांगला मानूस. तो म्हने, महिन्याचा पैसा पहिले एवढाच भेटते, डिझेल तेवढं येत नाही, मी काय करू. रडत होता तो. डबा घेऊन पायीच पळत गेला."

मंदाबाईंनी खुर्चीचा हात धरून ठेवला होता.

"मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. तिनं मले एक गोष्ट इचारली. मी म्हटलं, होईल आता चालू. तिनं मंग आणखी एकदा इचारली. मंग नाही इचारली." त्यानं थुंकी गिळली. ते भोंग्यातून सगळीकडं ऐकू गेलं. "तिचं शेवटचं बोलनं तेच होय. मी रेकॉर्ड नाही केलं. ते कोनाच्या पेनड्राईव्हमंदी नाही, म्हनून तुमाले लावता बी येनार नाही. मी सांगतो."

मुन्नालाल मंचाच्या कडेनं यंत्राकडं सरकत होता. पडद्याशी चंद्रकुमार उभा राहिला, लुगड्यात, गालावर लाली घेऊन, दोन्ही हात कमरेवर ठेवून. मुन्नालाल थांबला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. दुर्गेश त्यांच्यापुढं गेला आणि चालू माईक त्यांच्या तोंडाजवळ धरला. लग्नात, बारशात, सभेत, आयुष्यभर त्यानं लोकांच्या तोंडाजवळ माईकच तर धरला होता.

"दोन वर्षं झाली, मले उत्तर येत नाही. तुमाले सारा हिशेब येते. तिच्या तोंडून तुमी लय बोलले साहेब, आता तिले सांगा. गाडी काऊन थांबली?"